विरोधात एक हात

"काका, हे अक्षर तुमचंच ना?"

काकासाहेबांनी जाड पुठ्ठ्याची वही माझ्या टेबलावर उघडून ठेवली आणि एका ओळीवर बोट टेकवलं. कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली माझं टेबल आहे. अठ्ठेचाळीस वर्षं तिथंच आहे. समोर एक बाई वारसाच्या अर्जासाठी बसली होती. तिला जरा थांबायला सांगून मी चष्मा पुसला. पुसायची गरज नव्हती. आपलं अक्षर माणूस दुरूनही ओळखतो.

"माझंच," मी म्हणालो.

"वाचा ना मग."

"पाठ आहे मला."

तरी त्यांनी मोठ्यानं वाचलंच. "सबब, मराठवाडा कास्तकार पक्ष विसर्जित करण्याचा ठराव हजर त्रेचाळीस सभासदांनी एकमताने मंजूर केला." मग वही मिटून म्हणाले, "हे 'एकमताने' आम्हाला नडतंय, त्रिंबककाका."

मला एकवीस वर्षांपासून नडतंय, असं म्हणावंसं वाटलं. म्हणालो नाही. माझी ती सवयच नाही.

काकासाहेब म्हणजे आमचे नेते कैलासवासी तात्यासाहेब यांचे चिरंजीव. कडक इस्त्री, कमरेला मोबाइल, बाहेर जीप. गेल्या महिन्यात मोठ्या पक्षानं त्यांचं विधानसभेचं तिकीट कापलं होतं. तिकीट कापलं गेलं की माणसाला वडिलांची तत्त्वं आठवतात. यांनाही आठवली आणि त्यांनी वडिलांचा जुना पक्ष पुन्हा उभा करायचं ठरवलं. अडचण एवढीच होती, की तो पक्ष वडिलांनीच १९७८ साली स्वतःच्या हातानं बुडवून मोठ्या पक्षात विलीन केला होता.

"घटनेतलं कलम एकोणीस आठवतं?" काकासाहेबांनी विचारलं.

न आठवायला काय झालं? ते मीच लिहिलेलं होतं. पक्ष विसर्जित करायचा तर हजर सभासदांचं एकमत हवं. एकाचाही विरोध असेल तर पक्ष चालू राहील.

"आमचे वकील म्हणतात, एक जरी हात विरोधात होता असं दाखवता आलं, तर पक्ष मेलाच नाही असं मांडता येईल. नाव परत मागता येईल, शिडी परत मागता येईल."

शिडी ही आमची निशाणी.

"होता," मी म्हणालो. "एक हात विरोधात होता."

काकासाहेबांचा चेहरा खुलला. "मग झालंच की! तुम्ही तेव्हाचे चिटणीस. एक प्रतिज्ञापत्र करा. ओळ दबावाखाली लिहिली गेली, प्रत्यक्षात एक सभासद विरोधात होते म्हणून."

"करतो."

"आणि ते सभासद म्हणजे आमचे तात्या."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. चेहऱ्यावर चेष्टा नव्हती.

"तात्यासाहेब अध्यक्ष होते," मी म्हणालो. "ठराव त्यांनीच मांडला."

"मांडावा लागतो काका. मन विरोधातच होतं त्यांचं. मी मुलगा आहे, मला माहीत नसणार?"

"मनाचं मला ठाऊक नाही. हात माझा होता."

ते हसले. वाईट हसले असंही नाही. लहान मुलानं चंद्र मागितला की हसतात तसे हसले. "काका, तुमचा असून उपयोग काय? उद्या पोस्टरवर काय लिहू? अर्जनवीस त्रिंबकरावांनी पक्ष वाचवला? कोण त्रिंबकराव, म्हणून विचारतील लोक. तुम्हाला आपण ज्येष्ठ मार्गदर्शक करू ना. स्टेजवर पहिल्या रांगेत."

"मी असलं लिहून देणार नाही."

"राहू द्या. दुसरा साक्षीदार बघतो." वही काखेत मारून ते जीपकडे गेले.

वारसाच्या अर्जाची बाई सगळं ऐकत होती. म्हणाली, "मेलेल्या मानसाच्या नावानं जमिनी खातेत लोकं, ते म्हायती व्हतं. ह्ये तं हात बी खायला निघाले." मी तिचा अर्ज पुढं लिहायला घेतला.

*

निजामावर पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. त्यानंतर दोन-तीन वर्षांत कोर्टकचेरीचा कारभार उर्दूतून मराठीत येऊ लागला आणि जुन्या अर्जनवीसांची पंचाईत झाली. उर्दूत मोत्यासारखं लिहिणारी माणसं मराठीत 'विनंती' लिहिताना घामाघूम व्हायची. अशा वेळी माझ्यासारख्या सातवी पास पोराला टेबल मिळालं. अर्जनवीस म्हणजे दुसऱ्याचं गाऱ्हाणं कागदावर मांडणारा. कागदाची सुरुवात नेहमी एकच असते: मी खाली सही करणार. पण तो 'मी' आपला नसतो. एका दिवसात मी विधवा व्हायचो, भाडेकरू व्हायचो, शेजाऱ्यानं बांध कोरलेला शेतकरी व्हायचो. समोरचा सांगेल ते लिहायचं, आपलं मत आपल्या घरी.

मुंजाबा मला असाच भेटला. फर्दापूरचा धनगर. जंगल खात्यानं त्याच्या साठ मेंढ्या कोंडवाड्यात घातल्या होत्या, कारण बापजाद्यांपासून ज्या रानात तो मेंढरं चारायचा त्याला एका रात्रीत तारेचं कुंपण पडलं होतं. मी अर्ज लिहून वाचून दाखवला. ऐकून तो म्हणाला, "माझ्या मनातलं माझ्यापेक्षा तुला बरं बोलता येतं की रं." माझ्या अक्षराचं कौतुक पुष्कळांनी केलं होतं. बोलण्याचं त्यानंच पहिल्यांदा केलं.

त्या कुंपणावरूनच कास्तकार पक्ष निघाला. १९५७ साली, फर्दापूरच्या बाजारात. तात्यासाहेब तेव्हा तरुण वकील, आवाज असा की लेणी बघायला आलेले लोकही मागं वळून ऐकत. गायरानासाठी मोर्चे झाले, हर्सूलच्या तुरुंगात आम्ही एकोणीस दिवस काढले. तुरुंगात तात्यासाहेब बोलायचे, मी लिहायचो आणि मुंजाबा आमच्या दोघांच्या वाट्याचं दळण दळायचा. सदुसष्टच्या निवडणुकीत मुंजाबानं खांद्यावर खरीखुरी शिडी घेऊन फर्दापूर ते औरंगाबाद चालत प्रचार केला. विरोधक टिंगल करायचे, "शिडी चढणारा एकच, धरणारं सगळं गाव!" आम्हाला राग यायचा. पण टिंगल करणाऱ्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं, हे आता मान्य करायला हरकत नाही.

तात्यासाहेब आमदार झाले. जिल्हा परिषदेत पाच जण आले. औरंगपुऱ्यात कापडाच्या दुकानावर पक्षाला खोली मिळाली. कोर्ट सुटलं की मी तिथं जायचो. पत्रं, पावत्या, इतिवृत्त, सगळं माझ्याकडे. कुंपण मात्र तिथंच होतं. दोन वेळा निवडून आले, तिसऱ्या वेळी पडले, आणि पडल्यावर वर्षभरातच तात्यासाहेबांना व्यापक हित दिसू लागलं.

विसर्जनाची सभा त्याच खोलीत झाली. एकेचाळीस माणसं सतरंजीवर, तात्यासाहेब खुर्चीवर आणि त्यांच्या डाव्या बाजूला टेबलाशी मी, वही उघडून. ते पाऊण तास बोलले. मोठ्या पक्षात गेलं तर आपले प्रश्न आतून सुटतील म्हणाले. मग विचारलं, बाजूने कोण? भराभर हात वर गेले. मुंजाबाचाही गेला. "तात्या म्हंतेत म्हून," असं त्यानं मला नंतर सांगितलं.

"विरोधात?"

माझ्या उजव्या हातात लेखणी होती, म्हणून मी डावा हात वर केला.

ठरवून केला नव्हता. तो गेला. मला त्या खोलीचं वाईट वाटलं, कलम एकोणीसचं वाटलं, मुंजाबाच्या शिडीचं वाटलं, काय वाटलं ते नीट सांगताही येत नाही. चाळीस डोकी सतरंजीचे पट्टे मोजू लागली. दाराशी चपलांजवळ बसलेला मुंजाबा तेवढा टक लावून बघत होता. तात्यासाहेब माझ्याकडे वळले. हात त्यांनी पाहिला. रागावले असते तर बरं झालं असतं. ते मऊ आवाजात, रोज पत्राचा मजकूर सांगत तसं म्हणाले, "लिहा त्रिंबकराव. एकमताने."

आणि उजवा हात लिहू लागला. डावा अजून वरच होता.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. बाकीचे बेचाळीस जण पक्ष सोडून गेले. मारला तो मी, टाकानं, सुवाच्य अक्षरात. नुसतं 'नाही लिहीत' म्हणालो असतो तर पक्ष उरला असता. सत्तावीस वर्षं लोकांचं ऐकून लिहिण्यात गेली होती, त्यांतलं एक वाक्य आपलं असू शकतं हे त्या घटकेला सुचलंच नाही. तात्यासाहेबांना महामंडळ मिळालं, गाडीवर दिवा आला. मी माझ्या टेबलावर परत आलो. ते वारले तेव्हा सरकारी इतमाम झाला, आणि त्या दिवशीही मला वहीतली ती ओळच आठवत होती.

*

घरी वच्छलाबाईला काकासाहेबांचं सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. आमच्या लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, आणि तिनं माझ्यावर कधी दया दाखवली असेल, माझ्या पक्षावर नाही.

"तव्हा हात वर केला तुम्ही," ती म्हणाली, "तोंडाला काय कुलूप व्हतं?"

"नव्हतं."

"मग आता कामून जीव खाता? ज्यानं त्यानं आपलं काढून घेतलं त्या पक्षातून. तुमचा एक हात ऱ्हायला व्हता, त्यो बी चालला."

"तेवढाच होता माझा, वच्छला."

मी एवढं बोलेन असं तिलाही वाटलं नव्हतं. तिनं सूप खाली ठेवलं. "मुंजाबाभावजी हायेत ना अजून? त्यांनी बघितलं व्हतं म्हन्ता. जा की मग. पुढाऱ्यांच्या आधी जा, एवढं तरी करा."

दुसऱ्या दिवशी टेबल बंद ठेवून मी फर्दापूरला गेलो. मुंजाबा घरापुढं दावणीच्या दगडावर बसला होता. पंचाहत्तरीचा झाला होता. मेंढरं कधीच विकली होती. चार शेळ्या उरल्या होत्या. सून चहा घेऊन आली. नातू पुंजाराम मोटारसायकल पुसत होता, त्यानं रामराम घातला. मी सगळं सांगितलं. मुंजाबा ऐकत राहिला आणि मग शिवी हासडली.

"तात्याचा हात? आरं, त्येच्या दोन्ही हातांत हार व्हते तव्हा! हात तुझा व्हता. डावा. मी काय आंधळा व्हतो? तुझ्या बंडीची शिवण बी उसवली व्हती काखंत."

ती उसवलेली शिवण मला ठाऊक नव्हती. एकवीस वर्षांनी कुणीतरी आपल्या खरेपणाचा असा पुरावा द्यावा, तर डोळ्यांत पाणी येणारच. आलं.

"कागद करशील?" मी विचारलं.

"करीन म्हंजे? देवाच्या दारात बी सांगीन. सोमवारी येतो कोर्टात. तूच लिव्ह, मी अंगठा करतो."

परतीच्या बसमध्ये मी मनात मजकूर जुळवला. मी खाली अंगठा करणार. विरोधात एकच हात होता, तो त्रिंबकरावांचा. पक्ष कुणाचाही होवो, निवडणुका कुणीही जिंको, ही एक ओळ कुठल्या तरी फायलीत राहिली असती. मला आणखी काही नको होतं.

*

सोमवारी मुंजाबा आला, पण काकासाहेबांच्या जीपमधून.

पुंजाराम पुढच्या सीटवर होता, गळ्यात शिडी छापलेला नवा पंचा. मुंजाबाला मागून हात धरून उतरवलं. माझ्या टेबलापासून वीस पावलांवर नोटरी बसतात. मंडळी तिकडे गेली. मुंजाबानं माझ्याकडे पाहिलं नाही. मी कोरा कागद टेबलावर काढून ठेवला होता, तो तसाच राहिला.

वकिलांचा कारकून टाइप केलेलं प्रतिज्ञापत्र भरभर वाचू लागला. अंगठेबहाद्दराचा कागद असला की त्याला तो आधी वाचून दाखवावा लागतो, आणि वाचणाऱ्यानं खाली तसं लिहून सही करावी लागते. दोन ओळी झाल्या असतील, मुंजाबाचा आवाज आला.

"थांब. तिरमक वाचील."

"बाबा, मी वाचतोय ना."

"चाळीस वरीस माझा कागद त्यानं वाचला. दुसऱ्यानं वाचलेल्याला मी अंगठा करत नसतो."

काकासाहेबांनी वकिलांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि मला हाक मारली. "काका, या बरं जरा. तेवढं वाचून द्या."

मी गेलो. जायला नको होतं, असं वच्छलाबाई अजून म्हणते. पण म्हातारा वीस पावलांवर बसून आपलं नाव घेतोय म्हटल्यावर पाय थांबले नाहीत. कागद हातात घेतला आणि अर्ज वाचतात तसं वाचायला लागलो. मी, मुंजाबा, धंदा मेंढपाळ, राहणार फर्दापूर, सत्य प्रतिज्ञेवर सांगतो. सभेची तारीख बरोबर होती, खोली बरोबर होती. "विरोधात एकच हात वर झाला. तो कैलासवासी तात्यासाहेबांचा होता. हे मी स्वतः डोळ्यांनी पाहिले." वाचताना माझा आवाज जराही हलला नाही. या धंद्यानं मला तेवढं शिकवलं आहे.

मी थांबलो तेव्हा मुंजाबा जमिनीकडे बघत होता.

"हात तं तुझा व्हता," तो हळू म्हणाला.

"बाबा!" पुंजाराम म्हणाला.

मुंजाबानं मान वर केली. त्याच्याइतका लाजलेला म्हातारा मी पाहिलेला नाही. "पोराला पंचायत समितीचं तिकीट देतेत," तो मला म्हणाला, तिथं दुसरं कुणी नसल्यासारखा. "रान ऱ्हायलं नाय. मेंढरं ऱ्हायली नाय. त्येनं काय करावं, तूच सांग? माझ्याकडं द्यायला एक अंगठाच हाय." मग म्हणाला, "तू 'नको' म्हन. तू नको म्हनला तं मी उठतो. तुझी आन."

काकासाहेब, वकील, पुंजाराम, सगळे माझ्याकडे बघत होते. आयुष्यात दुसऱ्यांदा त्या पक्षाचं मरण-जगणं माझ्या एका शब्दावर आलं होतं, आणि या खेपेला कुणी मला मजकूर सांगत नव्हतं. मुंजाबाचा मला राग आला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. आला, चांगला सणकून आला. देवाच्या दारात सांगणार होतास ना, असं जिभेवर आलं होतं. मी पुंजारामच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिकिटानं काय होतं ते मला माहीत होतं, त्याला नव्हतं. शिडी धरायला पुन्हा एक धनगराचं पोर मिळालं होतं. आजोबानं धरली, आता हा धरणार. पण माझ्या नावाची ओळ राखण्यासाठी त्या म्हाताऱ्याला नातवाच्या नजरेतून उतरवणं मला जमलं नाही. माझा हात खरा होता हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. तिसऱ्याला कळायची वेळ एकवीस वर्षांपूर्वीच निघून गेली होती.

"कर," मी म्हणालो.

"मनापासून म्हन्तो?"

"नाही. पण कर."

कारकुनानं पॅड पुढं केलं. मुंजाबानं अंगठा शाईला लावला, पण तो कागदाकडे जाईना, म्हणून मी त्याचं मनगट धरून अंगठा कागदावर टेकवला. मग त्याखाली लिहिलं: 'वरील मजकूर अंगठा करणारास वाचून दाखविला, तो त्यास समजला व खरा असल्याचे त्याने सांगितले.' सही केली. काकासाहेब कागद उचलून म्हणाले, "अक्षर मात्र अजून तसंच आहे हं काका!" ते मनापासून म्हणाले, आणि हेच मला सगळ्यात जास्त लागलं.

दहा मिनिटांत जीप निघून गेली. त्यांना पत्रकारांना बोलवायचं होतं. पुंजारामला त्यांनी बरोबर घेतलं. म्हाताऱ्याला एसटीत बसवून द्या काका, एवढं मला सांगितलं. गरज सरो वैद्य मरो, पण वैद्याला निदान रात्र तरी उलटू द्यायची.

रिक्षा करून आम्ही बसस्टँडवर गेलो. अंगठा केला की गावाकडची माणसं शाई डोक्याला पुसतात, नाहीतर धोतराला. मुंजाबानं कुठंच पुसली नव्हती. रिक्षातही त्यानं तो हात अंगापासून लांब धरला होता. मी खिशातला रुमाल काढून दिला. त्यानं मान हलवली.

फर्दापूरची गाडी लागली. मी त्याला खिडकीजवळ जागा धरून दिली आणि खाली येऊन उभा राहिलो. कंडक्टरनं घंटी दिली. मुंजाबा माझ्याकडे बघत होता, पण निरोपाचा हात त्यानं हलवला नाही. शाईचा अंगठा तेवढा खिडकीबाहेर धरून ठेवला होता. गाडी वळणाआड जाईपर्यंत तो अंगठा आत गेला नाही.